माझी आय पाया पडली नव्हती

फणसेबाईंनी मला लिहायला शिकवलं. हे मी कधी लपवलेलं नाही आणि आजही कुणी विचारलं तर आधी तेच सांगते. पण त्यापुढचं सांगायला लागले की ऐकणारा चुळबुळ करतो. "जाऊ द्या हो, आता बाई राहिल्या नाहीत," म्हणतो. बाई राहिल्या नाहीत हे मला ठाऊक आहे. त्यांच्या अंत्ययात्रेला मी गेले होते, मागे उभी होते. पण माणूस गेलं म्हणून झालेली गोष्ट जात नाही. आता माझेही केस पिकले, त्या वेळच्या बाईंच्या वयाकडे मी चालले आहे. तेव्हा जे झालं ते झालं तसं लिहून ठेवते. ज्यांना आवडणार नाही त्यांनी हे प्रकरण गाळून पुढे जावं.

आमची वाडी मुरबाडच्या पलीकडे. म्हशाला जाणारी एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून डोंगराच्या अंगानं चालत जायचं. घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीनं लिंपलेलं. त्या कुडातून पलीकडच्या चुलत्याच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, त्यामुळे भांडण एका घरात लागलं तरी दोन घरांत मिळून व्हायचं. मधेच चुलती कुडापलीकडून म्हणायची, "तिचं बराबर हाय हां," आणि बाबा गप्प बसायचे. बाबा वर्षातले बरेच महिने खाडीवर रेती काढायला जात. घर चालायचं ते आयच्या हातांवर आणि तोंडावर. आय सगळ्यांशी बोलायची. चूल पेटली नाही तर चुलीला शिव्या, कोंबडीनं अंडं भलतीकडे घातलं तर तिची पार माहेरापर्यंत उजळणी. सकाळी जाग यायची ती तिच्या बोलण्यानं, आणि मागोमाग नागलीची भाकर थापल्याचा आवाज. भाकरीबरोबर उडदाची आमटी, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेली सुकट आणि मिरची. पावसाच्या तोंडावर शेवळं निघायची. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाजतात, त्यात काकडाची आंबट फळं घालावी लागतात. आय ती भाजी अशी करायची की बाबा जेवून उठल्यावरही बोटं चाटत दारात उभे राहायचे.

आश्रमशाळेत गेले तेव्हा गुरुजींनी आधी माझं 'नाय' खोडलं. मग 'आमी' खोडलं, 'हाय' खोडलं. घरी माझं नाव मंगळी, शाळेत मंगल झालं. वर्षभरात मी अशी शुद्ध बोलायला लागले की सुट्टीत घरी आल्यावर आय म्हणाली, "गो, तू मास्तरणीसारखी काय बोलतंस? पोट दुखतं काय तुझं?" मी निबंधात पहिली यायचे. माझ्या निबंधात सूर्य 'उदयाचलावर' उगवायचा आणि शेतकरी 'काळ्या आईची' सेवा करायचा. आमच्या वाडीत कुणी कधी जमिनीला काळी आई म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण पहिला नंबर यायचा, आणि मला पहिला नंबर हवा होता.

दहावीनंतर शहापूरला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात आले. तिथून कॉलेज चालत. तिथल्या वाचनालयात फणसेबाईंची एक कादंबरी हाताला लागली. गिरणगावातल्या एका विधवा बाईची गोष्ट होती. मी ती रेक्टरबाईंच्या नजरेआड, ताटात भात निवत ठेवून वाचली. त्या कादंबरीत एकही सूर्य उदयाचलावर उगवत नव्हता. माणसं बोलायची तशी बोलायची, आणि एखादी बाई नुसती घागर खाली ठेवायची तरी मी पान उलटायचं विसरायचे. मला कळेना, हे या बाईनं केलं कसं? वाचनालयातल्या काकांनी सहज सांगितलं, "अगं, त्या इथेच राहतात. दम्यासाठी दादर सोडून आल्या. आसनगावच्या रस्त्याला, जांभळाचं झाड आहे ना, ते घर."

मेच्या सुट्टीनंतर घरून परत आले ती शेवळांच्या जुड्या घेऊनच. जांभळाच्या झाडाखालचं फाटक उघडून दार वाजवलं. उंच, सावळ्या, आखूड केसांच्या बाईंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर चढवलेला. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "कशी दिलीस?"

"विकायची नाहीत. तुमची कादंबरी वाचली."

"मग भाजी कशाला आणलीस?"

"मोकळ्या हातानं कसं यायचं?"

त्यांनी एक जुडी उचलून तिचा वास घेतला. "काकडं आणलीस?"

मी ओच्यातून काकडं काढून दाखवली.

"मग आत ये," त्या म्हणाल्या. "काकडांशिवाय शेवळं आणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते."

त्या दिवसापासून दर रविवारी मी बाईंकडे जायला लागले. त्यांच्या स्वयंपाकघरात एक लांब लाकडी बाक होता. तिथे बसून आम्ही मोड आलेले वाल सोलायचो, कारण बाईंना रविवारी वालाचं बिरडं लागायचं. वाल बोटात दाबला की साल सुटून दाणा टुपकन पातेल्यात पडतो. त्या टुपटुप आवाजात मी माझं लिहिलेलं वाचायचे. बाई मान खाली घालून सोलत असायच्या. ऐकतात की नाही कळायचं नाही. मधेच त्यांची बोटं थांबायची. "इथे तुझा आवाज बदलला. वक्तृत्व स्पर्धेत गेलीस. परत घरी ये." मी ते वाक्य पुन्हा वाचायचे आणि खरंच, त्या वाक्याला मला मान उंच करावी लागायची. बाई म्हणायच्या, "जे वाक्य म्हणताना मान उंच होते ते खोड." अशी खोडाखोड करता करता सुरुवातीला माझ्या पानावर काही उरायचंच नाही. वसतिगृहात परत जाताना मी रस्त्यानं रडायचे आणि पुढच्या रविवारी परत जायचे.

एकदा त्यांनी मला एसटी स्टँडवर पाठवलं. म्हणाल्या, "तासभर बस आणि कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य घेऊन ये. एकच. सुधारायचं नाही, धुवायचं नाही." मी किन्हवलीच्या गाडीपाशी बसले. एक म्हातारी टोपली घेऊन चढायला गेली तर कंडक्टर ओरडला, गाडी भरलीय. म्हातारी म्हणाली, "गाडी भरली म्हणतोस, मंग मी काय रिकामी हाय?" आणि टोपलीसकट चढली. ते वाक्य मी धावत बाईंकडे आणलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना दम लागला, पंप ओढावा लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बघ. तुझ्या सगळ्या निबंधांपेक्षा हे एक वाक्य जड आहे. आणि गुरुजींनी हे खोडलं असतं." माझ्या आयच्या भाषेला जड म्हणणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं. त्या दिवशी मी बाईंसाठी विहिरीत उडी घ्यायलाही तयार होते.

मग त्यांनी विचारलं, "तू स्वतः डोळ्यांनी पाहिलेली, विसरली न जाणारी गोष्ट कुठली?" आणि मी कोयत्याची गोष्ट सांगितली.

मी लहान होते. आय सुक्या फाट्यांची मोळी घेऊन डोंगरावरून उतरत होती. वाटेत जंगलाच्या गार्डानं अडवलं. मोळी घेतली, आणि कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयताही काढून घेतला. मोळी गेली तर दुसरी बांधता येते. पण कोयत्याशिवाय आमच्याकडच्या बाईला हातच नाहीत. लाकूड, गवत, भाजी, काट्याची वाट, सगळं कोयत्यानं. तो तिच्या बापानं लग्नात दिलेला. बाबा रेतीवर होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच आय माझा हात धरून चौकीवर गेली आणि दारात, उंबऱ्यावरच बसली. गार्ड आला. म्हणाला, ऊठ. आय म्हणाली, "माझा कोयता द्या, उठते." तो ओरडला, धमकावलं, केस करतो म्हणाला. आय म्हणाली, "करा. पर कोयता द्या." त्याला आत-बाहेर करायला तिच्या अंगावरून ओलांडून जावं लागायचं. दुपारपर्यंत वाडीतल्या बायका आल्या. चौकीसमोर तीन दगड मांडून त्यांनी चूल पेटवली आणि भाकरी भाजायला लागल्या. धूर सगळा आत. संध्याकाळच्या आत साहेबांची जीप आली. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, काय तमाशा आहे? कारण ऐकलं आणि म्हणाले, देऊन टाक रे तो. कोयता हातात आल्यावर आयनं पात्यावर अंगठा फिरवला आणि गार्डाला सगळ्यांसमोर म्हणाली, "धार घालवलीस. काय कापलंस यानी?"

बाईंनी वाल सोलणं थांबवलं होतं. "लिही हे," त्या म्हणाल्या.

त्या एका गोष्टीवर मी दोन पावसाळे घासले. लिहायला मी खऱ्या अर्थानं शिकले ती त्याच गोष्टीवर. पहिल्यांदा मी लिहिलं, 'माझी असहाय माता'. बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला. "असहाय? दारात बसून साहेबाला जीप काढायला लावणारी असहाय? हा शब्द तुझ्या आईनं कधी उच्चारलाय? काढ." मग विचारलं, "चौकीत वास कसला होता?" मी डोळे मिटून बसले. आणि आला तो वास, जप्त करून रचलेल्या ओल्या लाकडांचा, रॉकेलचा. "हे लिही." मग म्हणाल्या, "बायकांनी भाकरी भाजल्या. पीठ कुठून आलं?" मला माहीत नव्हतं. "मग घरी जा आणि विचारून ये. वाचकाला तुझ्यापेक्षा कमी कळत नाही." मी शनिवारी सरळगावमार्गे घरी गेले, आयला विचारलं. आय म्हणाली, "अगो, तुझी चुलती पदरात बांधून लायली. घरातलं व्हतं नव्हतं तेवढं. रातची पोरं उपाशी निजली तिची." हे मला माहीतच नव्हतं. ते एक वाक्य आत आलं आणि सगळी गोष्ट उभी राहिली. आज मी शिक्षिकांच्या शिबिरात लेखनावर बोलते तेव्हा दुसरं काही सांगत नाही. पीठ कुठून आलं ते विचारा, एवढंच सांगते.

शेवटी एका रविवारी वाचून झालं आणि बाई एकदाही थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. पण अजून छापायच्या जोगं नाही. राहू दे माझ्यापाशी." मी ठेवलं. बाई म्हणतात म्हणजे नसेल, असं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंची नवी कादंबरी आली. शहापुरातच प्रकाशन करायचं ठरलं, शाळेच्या सभागृहात. मुंबईहून पाहुणे येणार होते. बाईंनी मला बोलावलं. फार खुशीत होत्या. "कादंबरी इकडच्याच मातीतली आहे. तुझ्या आईला घेऊन ये. साडी-चोळी देऊन सत्कार करायचाय तिचा. आणि पुस्तक आधी वाचू नकोस, कार्यक्रमातच ऐक." मी हवेत होते. वसतिगृहातल्या मुलींना सांगत सुटले. आय आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोली माळून. एसटीत तिला उलटी झाली होती, पण स्टँडच्या नळावर तोंड धुऊन ती ताठ चालत सभागृहात आली आणि पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या पाहुण्या बाईंना तिनं विचारलं, "तुमचं जेवन झालं?" त्या बाई फक्त हसल्या.

भाषणं झाली. एका वक्त्यानं कथानक सांगितलं. डोंगरातली सोनकी नावाची बाई, तिच्यावर होणारे अन्याय, आणि शेवटी तानसाच्या पाण्यात तिनं दिलेला जीव. मग नाटकात काम करणाऱ्या एक बाई पुस्तकातला उतारा वाचायला उभ्या राहिल्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि माझे कान तापले. मोळी. गार्ड. कोयता. चौकीतला ओल्या लाकडांचा आणि रॉकेलचा वास. शब्द माझेच होते. मला वाटलं, आता आय दारात बसणार. पण सोनकी दारात बसली नाही. सोनकीनं गार्डाच्या बुटांवर डोकं ठेवलं. 'असहाय सोनकी हुंदके देत होती, साहेब, माझ्या लेकराकडं बघून तरी दया करा.' वाचणाऱ्या बाईंनी खराखुरा हुंदका काढला. सभागृहात माणसं डोळे पुसायला लागली. शेजारच्या पाहुण्या बाईंनी आयच्या हातावर हात ठेवला.

आयनं माझ्या कानाशी वाकून विचारलं, "ही कोनाची गोष्ट हाय गो?"

"तुझी."

"मी कवा पाया पडली?"

आय थोडा वेळ ऐकत राहिली. मग पुन्हा वाकली. "ती मेली म्हनाला ना तो? कोयता मिळाला का तिला?"

"नाय."

"मंग मेली कशाला?"

तेवढ्यात सूत्रसंचालकांनी आमचं नाव पुकारलं. या कादंबरीमागची खरीखुरी सोनकी आज आपल्यात आहे, असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितलं. आय उठली नाही. मी उठले. मंचावर गेले, आणि साडीचं ताट धरून उभ्या असलेल्या बाईंना ओलांडून माइकपाशी गेले. मला आधी काही ठरवता आलं नव्हतं. मी म्हटलं, "मी मंगल. ती चौकी मी पाहिलीय, तेव्हा मी तिथे होते. माझी आय पाया पडली नव्हती."

बाई ताट हातात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "मंगल, खाली बस."

मी बसले नाही. मी सांगायला लागले. शुद्ध बोलायचं सुचलंच नाही, घरी बोलते तशीच बोलत गेले. आय उंबऱ्यावर कशी बसली, गार्ड तिला ओलांडून कसा जायचा, बायका कशा आल्या. कुणीतरी माइक बंद केला. पण आमच्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची सवय असते. माझं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. मागून वसतिगृहाच्या मुली उभ्या राहिल्या. मी बाईंकडे वळले. "बाई, पीठ कुठून आलं ते विचारायला तुमीच मला घरी धाडलंत. चुलतीची पोरं उपाशी निजली. त्या पिठाचं काय केलंत तुमी?" मी खाली उतरले, आयचा हात धरला आणि मधल्या वाटेनं बाहेर पडले. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. बरेच जण ओरडत होते, उपकार विसरली म्हणून.

स्टँडवर मी आयला वडापाव घेऊन दिला. आय शांतपणे खात होती. अर्धा वडापाव संपल्यावर म्हणाली, "बराबर बोललीस." आणि थोड्या वेळानं, "पर साडी चांगली व्हती गो. हिरवी."

रेक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. सगळ्या गावात वसतिगृहाचं नाव खराब झालं होतं. माफी मागून ये, नाहीतर खोली खाली कर, असं त्यांनी सांगितलं. खोली गेली असती तर कॉलेज संपलं असतं, मी कुठल्या तरी वीटभट्टीवर असते. मी बाईंच्या घरी गेले. दार उघडंच होतं. बाई बाकावर एकट्याच बसल्या होत्या, पंप बाजूला.

"रेक्टरबाईंनी माफी मागायला पाठवलंय," मी म्हटलं.

"मागणार आहेस?"

"नाही."

"ते बरं आहे. खोटं वाक्य मला ऐकवू नकोस." त्यांनी बसायला सांगितलं नाही. मीही बसले नाही. मग म्हणाल्या, "माझ्या हातून तीस वर्षं लिहून झालंय, मंगल. वाचकाला रडायला जागा लागते. नुसती जिंकणारी बाई त्याच्या गळ्याखाली उतरत नाही."

"मग वाचकाला रडू दे. माझ्या आयला कशाला रडवता?"

"ती तुझी आई नाही. ती सोनकी आहे."

"मग सत्काराला माझी आय कशाला बोलावली?"

बाईंनी पंप उचलून ओढला. त्यांचा श्वास वाजत होता. मी पुढे म्हटलं, "गोष्ट घेतलीत त्याचं मला काही नाही. तुमी मागितली असतीत तर दिली असती. पर तिला वाकवायला नको व्हती."

त्या उठल्या, आतून माझे कागद आणले आणि माझ्या हातात दिले. "मग तू लिही. मंचावर ओरडणं सोपं आहे. लिहून दाखव. आणि लिहिलंस की माझ्याकडे आणू नकोस." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "रेक्टरना मी निरोप धाडते. तुझी खोली जाणार नाही." आणि खरंच गेली नाही. त्या विषयावर रेक्टरबाई पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. हे बाईंचं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या घरात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

गोष्ट मी नव्यानं लिहिली, कारण बाईंच्या बोटांनी सोललेली गोष्ट मला तशीच नको होती. डीएडला असताना लिहिली, पहिल्या शाळेवर रुजू झाल्यावर लिहिली. कल्याणच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना दाखवली. त्यांना आवडली, पण म्हणाले, आईचे संवाद जरा प्रमाणभाषेत करू या, सगळ्यांना कळायला हवं. मी म्हटलं, मग अख्खी परत द्या. शेवटी त्यांनी तशीच छापली आणि लोकांना सगळं कळलं. छापून आल्यावर वाशिंदच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की फणसेबाईंनी अंक मागवून घेतला होता. काय म्हणाल्या, असं मी विचारलं. ते जरा अवघडले. "म्हणाल्या, तिसऱ्या परिच्छेदात एक विशेषण जास्त आहे." मी रागानं अंक उघडला. होतं. पुढे माझ्या पुस्तकात ती गोष्ट घेताना मी ते काढलं. पण त्यांच्या कादंबरीची नवी आवृत्ती आली तेव्हा सोनकी अजून बुटांवर डोकं ठेवूनच होती, आणि त्यासाठी मी बाईंना आजही सोडलेलं नाही.

संपादकांकडे गोष्ट नेण्याआधी मी ती आयला वाचून दाखवली होती. मी घरी गेले होते. आय अंगणात नागली पाखडत होती. मी पायरीवर बसून सगळी गोष्ट सावकाश वाचली. शेवट मला फार आवडत होता. मी लिहिलं होतं, 'आयच्या डोळ्यांत त्या दिवशी पाण्याचा थेंबसुद्धा आला नाही.' आय पाखडता पाखडता थांबली.

"ते खोटं हाय," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"मी रडली व्हती."

मला धक्काच बसला. "कवा? मी तिथंच व्हते. मला दिसलं नाय."

"तुला कसं दिसंल? तू माझ्या पाठीवर निजली व्हतीस. कोयता घेऊन येतांना ओढ्यात उतरली, तवा रडली. लय रडली. पाय कापत व्हते माझे. सकाळपासून कापत व्हते." तिनं सूप खाली ठेवलं. "त्या मेल्यासमोर नाय रडली. पर रडली."

बाईंनी तिला वाकवली होती आणि मी तिला दगडाची केली होती. दोघींनीही तिला विचारलं नव्हतं. मी घाबरत विचारलं, "मग लिहू काय तसं? लोक म्हनतील, बघा, रडलीच शेवटी."

आयनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा लहान झाले.

"लोकांना काय घाबरतंस? मी गार्डाला नाय घाबरली," ती म्हणाली. "ल्ही. रडली तर रडली. पर कुठं रडली ते नीट ल्ही."